डीव्हीडी लावली की चित्र का बिघडते? दोष नेमका कुठे, हे ओळखण्याची रीत

या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत ज्या घरी लग्न झाले, त्या घरच्या कपाटात चित्रणाची डीव्हीडी आजही हमखास सापडते. छायाचित्रकाराने अल्बमसोबत दिलेली ती तबकडी वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. मग एखाद्या दिवशी, बहुधा घरातील वडीलधारे माणूस गेल्यानंतर, ती आठवते. कारण त्या माणसाचे चालणे, बोलणे आणि हसणे आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरलेले असते. तबकडी लावली जाते आणि पडद्यावर चित्राऐवजी चौकोनी ठोकळे, आडवे पट्टे किंवा नुसत्या मुंग्या दिसू लागतात. ‘डीव्हीडी गेली’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि कधी कधी ती चक्क कचऱ्यात जाते.

वास्तविक, अशा अनेक वेळी तबकडी शाबूत असते आणि दोष एखाद्या सैल पिनेत किंवा चुकून दाबल्या गेलेल्या बटणात असतो. याच्या उलटही घडते. दोष तबकडीत असतो, आणि आपण मात्र वायरी बदलत बसतो. तोवर तबकडीचा उरलासुरला टिकाऊपणाही कमी होत जातो. चित्र ज्या रीतीने बिघडते, त्यावरून दोष कोणत्या भागात आहे हे बऱ्याच अंशी सांगता येते. त्यासाठी दहा मिनिटांचा वेळ आणि थोडा क्रम पुरेसा आहे.

सावनेरसारख्या गावी हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे. नागपूरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, कापूस आणि संत्र्याची शेती आहे आणि खापरखेड्याचे १३४० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्रही आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यापूर्वी वावटळी धूळ घरात आणून टाकतात आणि जूनपासून हवा दमट होते. उष्णता, धूळ आणि ओल हे तिन्ही तबकडीचे आणि ती वाजवणाऱ्या यंत्राचे शत्रू आहेत.

चित्राचा प्रवास

तबकडीपासून पडद्यापर्यंत चित्राचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा अंकांचा असतो. १.२ मिलिमीटर जाडीच्या तबकडीच्या पोटात, दोन पातळ थरांच्या मध्ये, माहिती सूक्ष्म खुणांच्या रूपाने साठवलेली असते. या खुणांच्या शेजारच्या दोन ओळींमधील अंतर अवघे ०.७४ मायक्रॉन, म्हणजे सीडीच्या निम्म्याहूनही कमी असते. लाल लेसर किरण त्या खुणा वाचतो आणि प्लेअरमधील चिप त्यातून चित्र तयार करते.

दुसरा टप्पा वायरीचा. तयार झालेले चित्र विद्युत लहरींच्या रूपाने पिवळ्या पिनेतून किंवा अन्य जोडणीतून दूरचित्रवाणी संचाकडे जाते.

या दोन टप्प्यांतील दोष एकमेकांसारखे दिसत नाहीत. अंकांच्या टप्प्यात बिघाड असेल तर चित्राचे चौकोनी तुकडे होतात, ते गोठते किंवा उडी मारून पुढे जाते. लहरींच्या टप्प्यात बिघाड असेल तर चित्र चालू राहते, पण त्यावर पट्टे, जाळी, मुंग्या किंवा चुकीचे रंग येतात. म्हणून ठोकळे दिसल्यास तबकडी व लेन्सकडे पाहावे, आणि पट्टे दिसल्यास वायर व विजेकडे. एचडीएमआय जोडणीत वायरीतूनही अंकच जात असल्याने हा नियम तिला लागू होत नाही. तिचा विचार पुढे केला आहे.

पहिल्या तीन चाचण्या

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी किंवा कारागिराला बोलावण्यापूर्वी पुढील तीन चाचण्या कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. तीन गोष्टी एकदम बदलून चित्र सुधारले, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो.

पहिली चाचणी तबकडी न घालता करायची. प्लेअर सुरू केल्यावर पडद्यावर कंपनीचे नाव किंवा निळी पार्श्वभूमी येते. ते चित्र स्वच्छ असेल तर वायर आणि संच बहुतांशी निर्दोष आहेत. त्यावरही पट्टे येत असतील तर तबकडी निर्दोष ठरते.

दुसरी चाचणी दुसऱ्या तबकडीची. एखाद्या चित्रपटाची दुकानातून आणलेली छापील डीव्हीडी लावून पाहावी. ती नीट चालली आणि घरगुती तबकडीच अडखळली, तर दोष त्या एका तबकडीपुरता आहे, किंवा लेन्स इतकी क्षीण झाली आहे की तिला छापील तबकडी वाचता येते, पण घरी किंवा स्टुडिओत जाळून तयार केलेली वाचता येत नाही.

तिसरी चाचणी वायरीची. पिवळी, पांढरी आणि लाल या तीन पिना आकाराने सारख्याच असतात. पिवळी वायर चित्रासाठी, तर पांढरी आणि लाल आवाजासाठी हा केवळ सोयीचा संकेत आहे. तेव्हा चाचणीपुरती लाल वायर दोन्ही टोकांना पिवळ्या सॉकेटमध्ये लावून पाहावी. चित्र सुधारले तर पिवळी वायर आतून तुटली आहे.

वायरी काढता-लावताना दोन्ही उपकरणांचे बटण बंद करावे, हे सांगणे अगत्याचे आहे. प्लेअरच्या धातूच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना असेल. तीच गळती चालू अवस्थेत पिन जोडताना संचाच्या सॉकेटला इजा करू शकते.

चौकोनी ठोकळे आणि अडखळणे

डीव्हीडीवर प्रत्येक चित्र संपूर्ण साठवलेले नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत केवळ झालेला बदल, अशी ही व्यवस्था आहे. मधला एखादा तुकडा वाचता आला नाही तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत ठोकळे पडद्यावर रेंगाळतात आणि मग एकदम नाहीसे होतात.

येथे घड्याळ पाहावे. दरवेळी त्याच मिनिटाला चित्र फुटत असेल तर दोष तबकडीच्या त्या जागेत आहे. दरवेळी वेगळ्या ठिकाणी फुटत असेल तर लेन्स मळली आहे किंवा थकली आहे. तबकडी कोणतीही असो, अर्ध्या तासाने त्रास सुरू होत असेल, तर यंत्र तापत असल्याची शंका घ्यावी. तबकडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे कार्यक्रमाच्या अखेरीस, म्हणजे वरातीच्या आणि पाठवणीच्या प्रसंगात चित्र फुटत असेल, तर तबकडीच्या बाहेरच्या कडेला बोटांचे ठसे किंवा ओरखडे आहेत का, ते पाहावे. मोठ्या चित्रपटाच्या मध्यावर एकदाच क्षणभर चित्र थांबते, तो मात्र दोष नव्हे. दुहेरी थराच्या ८.५ जीबी तबकडीवर लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा असे होते.

तबकडी पुसण्याचीही रीत आहे. मऊ, धागे न सुटणारे कापड घेऊन मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल गोल फिरवून पुसू नये. तबकडीवरील माहितीत चुका दुरुस्त करण्याची सोय अंगभूत असते. आडव्या ओरखड्याने प्रत्येक ओळीचा थोडासाच भाग तुटतो आणि तो भरून काढता येतो. गोल ओरखडा मात्र एकाच ओळीच्या सलग भागावर जातो आणि तेथे ही सोय अपुरी पडते. डाग चिकट असेल तर साध्या पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून पुसावे आणि तबकडी पूर्ण कोरडी करावी. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ओरखडा कधी कधी बुजतो, पण नवे बारीक ओरखडे पडतात. एकुलत्या एक तबकडीवर हा प्रयोग करू नये.

तबकडीवर कागदी लेबल चिकटवलेले असेल तर त्याकडेही लक्ष द्यावे. वधूवरांची नावे छापलेले हे लेबल दिसते छान, पण उन्हाळ्यात त्याच्या कडा सुटतात, तबकडीचा तोल जातो आणि ती वेगाने फिरताना थरथरते. लेबल ओढून मात्र काढू नये. आधी तबकडीची प्रत करून घ्यावी.

जुन्या व्हीसीडीवरील ठोकळे हा वेगळा प्रकार आहे. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, तर आपल्याकडील डीव्हीडीचे ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. व्हीसीडी मोठ्या सपाट पडद्यावर लावली की चित्र सगळीकडे सारखेच धुरकट आणि चौकटीदार दिसते. तो बिघाड नाही, त्या तंत्राची मर्यादा आहे.

पट्टे, जाळी आणि मुंग्या

पडद्यावर वरून खाली किंवा खालून वर संथपणे सरकणारा जाड पट्टा हा विजेचा दोष असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि आपल्या पद्धतीचे चित्रही सेकंदाला ५० अर्धचित्रांचे. या दोहोंत किंचित फरक राहिला की पट्टा हळूहळू सरकतो. पट्टा एकच असेल तर बहुधा प्लेअर, संच आणि केबलची वायर यांच्या जमिनीच्या पातळीत फरक आहे. दोन पट्टे असतील तर प्लेअरच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर थकल्याची शक्यता अधिक. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या प्लेअरचे हे कपॅसिटर लवकर सुकतात. त्यांची वरची बाजू फुगलेली दिसते, आणि कारागीर ते थोड्या खर्चात बदलू शकतो.

एक पट्टा असल्यास संचाच्या मागची केबलची वायर काढून पाहावी. पट्टा नाहीसा झाला तर दोष केबलच्या वायरीतून येत आहे. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत, केबल चालकाकडून जोड तपासून घ्यावा, आणि तरीही त्रास राहिल्यास वायरीत आयसोलेटर बसवावा. ‘अर्थिंगची पिन कापून टाका, पट्टा जाईल’ असा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. पट्टा जाईल, पण विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही जाईल.

चित्रावर बारीक तिरपी जाळी किंवा माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसली, तर बाहेरच्या लहरी वायरीत शिरत आहेत. स्वस्त, पातळ वायरीवर धातूचे आवरण नावालाच असते. जाड आवरणाची, गरजेपुरत्या लांबीची वायर घ्यावी आणि ती विजेच्या वायरीशी गुंडाळून ठेवू नये. पडद्यावर मध्येच आडव्या ठिपक्यांच्या ओळी चमकत असतील, तर घरात त्याच वेळी काय सुरू होते ते पाहावे. मिक्सरच्या मोटारीतील कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि कूलरचा सैल प्लगही असा त्रास देतात. कूलर सुरू होताच चित्र आक्रसत किंवा फिके पडत असेल, तर दाब खाली जात आहे. अशा वेळी कूलर आणि संच वेगळ्या बोर्डांवर घ्यावेत.

रंग गेले, चित्र लोळू लागले

चित्र कृष्णधवल झाले किंवा वर-खाली लोळू लागले, तर प्रथम पद्धत तपासावी. भारतात पाल पद्धत आहे, तर अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेली तबकडी अनेकदा एनटीएससीची असते. प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ या ठिकाणी पाल, एनटीएससी आणि ऑटो किंवा मल्टी असे पर्याय असतात. जुन्या संचासाठी पाल, तर दोन्ही पद्धती जाणणाऱ्या संचासाठी ऑटो निवडावे.

चित्र एकाएकी गेले आणि आवाज मात्र येत असेल, तर रिमोटवरील ‘व्ही-मोड’ किंवा ‘पी-स्कॅन’ हे बटण चुकून दाबले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. या बटणाने चित्र बाहेर पडण्याची वाट बदलते. तबकडी काढून घेऊन तेच बटण थांबून थांबून दाबत राहिल्यास काही वेळाने चित्र परत येते.

सपाट पडद्याच्या अनेक संचांत पिवळ्या पिनेसाठी स्वतंत्र सॉकेट नसते. ती हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते. अशा वेळी संचावर ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडले गेले तर चित्र येते, पण रंग येत नाहीत. काही संचांत तर एकाच बारीक छिद्रात तिन्ही वायरींची जोडपिन लावावी लागते. या पिनेची अंतर्गत रचना सर्व कंपन्यांची सारखी नसते. त्यामुळे संचासोबत मिळालेलीच जोडपिन वापरावी.

चित्र आळीपाळीने उजळ आणि काळवंडलेले होत असेल, आणि प्लेअरची वायर जुन्या व्हीसीआरमधून फिरवून संचाला जोडलेली असेल, तर तो बिघाड नसून चोरीविरोधी व्यवस्था आहे. अनेक छापील डीव्हीडींत अशी खूण असते की व्हीसीआरने त्यांची नक्कल करू नये. वायर थेट संचाला जोडली की त्रास संपतो.

जुन्या काचेच्या संचावर एखाद्या कोपऱ्यात कायम हिरवा-जांभळा डाग दिसत असेल, तर जवळचा स्पीकर दूर करावा. त्यातील चुंबकाने असे होते. मात्र काचेचा संच कोणत्याही कारणाने घरी उघडू नये. त्याच्या नळीत बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा दाब राहू शकतो.

एचडीएमआय असेल तर

एचडीएमआय जोडणीत पट्टे आणि जाळी येत नाहीत. वायर सदोष असेल तर पांढरे चमचमते ठिपके दिसतात, किंवा चित्र क्षणभर पूर्ण जाऊन परत येते. वायर काढून पुन्हा घट्ट बसवावी, संचाचे दुसरे सॉकेट वापरून पाहावे आणि प्लेअरच्या सेटअपमध्ये एक पायरी कमी दर्जाचे चित्र निवडावे. हलत्या माणसांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसत असतील, तर ते जुन्या अर्धचित्र पद्धतीचे चित्रण नव्या पडद्यावर नीट न सांधले गेल्याचे लक्षण आहे. तेथे ‘प्रोग्रेसिव्ह’ हा पर्याय उपयोगी पडतो.

लेन्स, धूळ आणि ओल

पावसाळ्यात थंड कोपऱ्यात ठेवलेल्या प्लेअरच्या लेन्सवर ओल धरते. अशा वेळी तो तबकडी न घालता तासभर सुरू ठेवावा. आतल्या उबेने ओल सुकते. लेन्स पुसण्यासाठी बारीक ब्रश असलेली तबकडी मिळते, ती जपून वापरावी. लेन्स नाजूक तारांवर तोललेली असते, आणि जोराने पुसल्यास ती कायमची निकामी होते. प्लेअर उघडून चालू अवस्थेत लेन्सकडे पाहणे डोळ्यांना घातक आहे. लेसरच थकला असेल, तर तो संपूर्ण भाग बदलावा लागतो.

आधी प्रत, मग दुरुस्ती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डीव्हीडी प्लेअर ही वस्तू बाजारातून मागे सरकत आहे. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास अत्यंत स्वस्त दरात चित्रपटांच्या तबकड्या घरोघरी पोहोचवल्या होत्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी देऊनच नावारूपाला आलेल्या नेटफ्लिक्सने ती सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली. चित्रपट दुसरीकडे कुठेही पाहता येईल, पण घरच्या लग्नाची तबकडी दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

शिवाय छापील आणि जाळलेली तबकडी यांत मूलभूत फरक आहे. छापील तबकडीतील खुणा साच्याने उमटवलेल्या असतात. स्टुडिओत जाळलेल्या तबकडीत त्या एका सेंद्रिय रंगाच्या थरावर उमटवलेल्या असतात, आणि ऊन, उष्णता व ओल यांनी तो रंग हळूहळू विटतो. वरून एकही ओरखडा नसताना अशी तबकडी अडखळू लागली, तर तो इशारा समजावा.

म्हणून घरगुती तबकडी एकदाही नीट चालली, तर त्याच दिवशी तिची प्रत करावी. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकात तबकडीवरील संपूर्ण फोल्डर उतरवून घेता येते. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते, तेव्हा ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर अशा सहा तबकड्या सहज बसतात. संगणकाने मध्येच नकार दिला तर निराश होऊ नये. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला कित्येकदा वाचता येते. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाची विनामूल्य संगणकप्रणाली वाचता येणारा भाग आधी उतरवते आणि उरलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. प्रती दोन ठिकाणी, शक्यतो दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. मूळ तबकडी डबीत उभी, कोरड्या आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावी, संचाच्या डोक्यावर नव्हे.

थोडक्यात

• ठोकळे, गोठणे, उडी: तबकडी पुसा, दुसरी लावून पाहा, मग लेन्सचा विचार करा.
• तबकडी न घालताही पट्टे: वायर, केबल आणि वीज तपासा.
• एक सरकता पट्टा: केबलची वायर काढून पाहा. दोन पट्टे: प्लेअरचा पॉवर सप्लाय दाखवून घ्या.
• रंग नाहीत किंवा चित्र लोळते: पाल-एनटीएससी आणि एव्ही-कंपोनंट हे पर्याय पाहा.
• आवाज आहे, चित्र नाही: ‘व्ही-मोड’ बटण थांबून थांबून दाबा.
• चित्र उजळ-काळे होते: व्हीसीआर मधून काढा.
• घरगुती तबकडी अडखळते: ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, आधी प्रत करा.

प्लेअर बिघडला तर दुसरा मिळतो आणि वायर तुटली तर बाजारात नवी मिळते. बदलता न येणारी गोष्ट त्या डबीतील एकमेव तबकडी आहे. म्हणून दोष शोधताना पहिली काळजी तिची घ्यावी आणि यंत्राची नंतर.